पद्मरेखेच्या निजेतली हाक

एका राज्यात डोंगराच्या माथ्यावर राजवाडा होता आणि राजवाड्याच्या पोटात सोन्याचं तळघर होतं. त्या सोन्याला उतार नव्हता. हंडा उपसावा, झाकण ठेवावं, पुन्हा झाकण काढावं, तो काठोकाठ भरलेला. राज्याला कशाची ददात नव्हती, एक पाणी सोडून. विहीर खणावी तर कोरडा मुरूम लागे. पाऊस पडे तो खडकावरून निसटून परमुलखात जाई. प्यायचं पाणी दूरच्या नदीवरून, रेड्यांच्या पाठीवर पखालींतून येई, आणि लोक ते घोटाघोटाने वापरीत.

राजाचं नाव धृतसेन, राणीचं नाव सौदामिनी. दोघांना एकच लेक, पद्मरेखा. त्या राज्याची रीत अशी की पहिलं अपत्य मुलगी असो की मुलगा, गादी त्याची. पद्मरेखा घोडा दौडवी, भाला मारी, न्यायसभेत बापाशेजारी बसून फिर्यादी ऐके. कशाला भीत नसे. भिई ती फक्त झोपेला.

तिचे डोळे मिटत आले, अंग सैल पडलं, की जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर तिच्या गळ्यातून एक आवाज निघे. तो घोरण्याचा नव्हता, बरळण्याचा नव्हता, कण्हण्याचाही म्हणता येत नसे. छातीच्या तळातून श्वासाबरोबर तो लांबच लांब ओढला जाई, जसं दरीपलीकडे कुणी शिंग फुंकावं आणि फुंकर अर्ध्यावर तुटावी. कधी त्या आवाजाने ती स्वतःच दचकून जागी होई आणि खोलीत कोण आहे ते बघे. लहानपणी दाई हसली होती. मोठेपणी एका दासीने दुसरीला त्या आवाजाची नक्कल करून दाखवली, ती पद्मरेखेने पडद्याआडून पाहिली. त्या दिवसापासून तिने कुणालाही आपल्या महालात निजू दिलं नाही.

राजवैद्यांनी मध आणि वेखंड चाटवलं. उशी उंच केली, मग काढून घेतली. हनुवटीला रेशमी पट्टी बांधली, तर आवाज पट्टीतूनही आला. शेवटी पद्मरेखेने आपली वाट आपण काढली. राजवाड्याच्या दरवाजावर नौबत झडे, तेवढ्यात ती डोळा लावून घेई. नगाऱ्यांच्या कल्लोळात तिचा आवाज बुडून जाई. नौबत थांबली की ती उठून बसे. एवढ्याशा झोपेवर माणूस किती तग धरणार? तिचे डोळे खोल गेले. न्यायसभेत नखं तळव्यात रुतवून ती जागी राही.

अशात तिचं लग्न ठरलं. नवरदेव समुद्रकाठच्या राजाचा धाकटा मुलगा, अरिंजय. बोलणं कमी, घाई मुळीच नाही. होडीत बसून वाऱ्याची वाट बघण्यात त्याचं बालपण गेलं होतं.

लग्नाआधी पद्मरेखा त्याला म्हणाली, "माझी एक अट आहे. माझा महाल वेगळा राहील. माझ्या निजेच्या वेळी आपण तिथे यायचं नाही."

"कारण सांगाल?"

"नाही."

"बरं," अरिंजय म्हणाला, आणि लग्न लागलं.

लग्नाचे सोहळे लांबले. नौबत झडे तेव्हा पद्मरेखेला पूजेला उभं राहावं लागे, पाहुण्यांना विडे द्यावे लागत. तिची होती ती झोपही गेली. सोहळे आटोपले त्या दुपारी दोघं बागेत उंबराखाली बसली. साऱ्या राज्यात तेवढं एकच झाड बारमाही हिरवं असे. अरिंजय तिला समुद्राची भरती कशी चढते ते सांगत होता. फांदीला टांगलेली तिची बंगई झोपाळ्यासारखी हळूहळू हलत होती. पद्मरेखेने डोळे क्षणभर मिटले, ते मिटलेच.

आणि तो आवाज उठला.

त्याच आवाजाने ती जागी झाली. अरिंजय समोर बसला होता. तिचं तोंड पांढरं पडलं.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"ऐकलं."

"मग हसा. मला सवय आहे."

अरिंजय हसला नाही. धुक्यात दुसऱ्या होडीची आरोळी ऐकताना नावाडी बसतो तसा तो मान कलती करून बसला होता. "मला वाटलं, कुणी हाक मारतंय," तो म्हणाला. "शब्द लागणार, तोच तुम्ही जाग्या झालात."

"त्यात शब्द नाही. माझ्या गळ्याचा दोष आहे तो."

"असेलही. तुम्ही तो कधी पुरता ऐकला आहे?"

"मी जागी होते तेव्हा तो संपलेला असतो."

"आणि दुसऱ्या कुणी?"

पद्मरेखा आठवू लागली. दाई हसली होती. दासीने नक्कल केली होती. वैद्यांनी पट्टी बांधली होती.

"कुणीच नाही," वरून उत्तर आलं.

उंबराच्या फांदीवर एक धनेश बसला होता. मोठी पिवळी चोच, चोचीत लाल उंबर. त्याने उंबर फांदीच्या बेचक्यात ठेवलं आणि बोलू लागला. "माझी मादी याच खोडाच्या ढोलीत बसली आहे. ढोलीचं दार लिंपलेलं आहे. फटीतून चोच तेवढी बाहेर येते. ती आतून हाक मारते. तिला फळ हवं आहे, की मी आहे ना एवढंच विचारायचं आहे, ते बाहेर बसून ऐकणाऱ्यालाच कळतं. राजकन्ये, तुझ्या गळ्यातून येते तीही कुणा कोंडलेल्याची हाक आहे. जागा गळा घट्ट मिटलेला असतो, निजलेला गळा गप्प असतो. उंबरठ्यावरच्या गळ्यात तेवढी फट सापडते."

"कोण कोंडलं आहे?" अरिंजयाने विचारलं.

"ते सांगायची मला आज्ञा नाही. हाक तीन वेळा पुरती ऐका. तिने निजावं, तुम्ही जागं राहावं. हलवू नका, उठवू नका, मधे बोलू नका."

"मला ते जमणार नाही," पद्मरेखा म्हणाली. "कुणी ऐकतंय हे ठाऊक असलं की मला झोप येत नाही."

"अवघड काम तुझंच आहे," धनेश म्हणाला. "त्याला नुसतं बसायचं आहे. तू उताणी निजू नकोस, कुशीवर नीज. आडवं होण्याआधी ओठ मिटून तूच थोडा वेळ गुणगुण. श्वास घेण्याची घाई करू नकोस, सोडताना पुरता सोड. आणि आवाज आला तर त्याला दाबू नकोस. दाबला की तो तुटतो, आणि तुटला की तू दचकतेस."

एवढं बोलून त्याने उंबर उचललं आणि ढोलीच्या फटीत मादीला दिलं.

दुसऱ्या दुपारी पद्मरेखा उंबराखाली कुशीवर निजली. अरिंजय पाठमोरा बसला. झोप आली नाही. तिसऱ्या दुपारीही आली नाही. पापणी जड होई, आणि आता आवाज येईल या धास्तीने ती पुन्हा उघडे. शेवटी ती उठून बसली आणि पडद्याआडून पाहिलेल्या दासीची गोष्ट तिने अरिंजयाला सांगितली. दासीने गाल कसे फुगवले होते, दुसरी पोट धरून कशी हसली होती, आणि ती स्वतः पडद्यामागे किती वेळ उभी होती, तेही सांगितलं. आजवर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

अरिंजय म्हणाला, "मी लहानपणी अंथरूण ओलं करीत असे. भाऊ मला 'भरती' म्हणून चिडवीत. अजूनही कुणी भरती म्हटलं की मी मान वळवतो."

पद्मरेखेला हसू आलं. हसता हसता ती आडवी झाली, थोडं गुणगुणली, आणि तिला कळायच्या आत झोप लागली. आवाज उठला, लांब ओढला गेला, आणि तुटला नाही. अरिंजय निश्चल बसून राहिला. ती आपल्या वेळेला जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती.

"काय ऐकलंत?"

"एकच शब्द. उतर."

पुढच्या वेळी हाक आली ती "उचल". त्यापुढे आली ती "उघड". त्या तिसऱ्या हाकेच्या दुपारी तर पद्मरेखेला गुणगुणावंही लागलं नाही. कुणीतरी शेजारी बसलं आहे आणि त्याला सारं ठाऊक आहे, एवढ्यानेच तिचे डोळे मिटले.

"उतर, उचल, उघड," ती म्हणाली. "या राज्यात उतरावं अशी जागा एकच आहे."

तळघराची किल्ली राजाच्या कमरेला असे. धृतसेन राजा पलीकडच्या बुरुजावर एकटा राहत असे. त्याचं काही व्रत आहे असं लोक म्हणत, आणि राणी सौदामिनीही तेच म्हणे. पद्मरेखेने पायऱ्या चढून बापाला सगळं सांगितलं आणि किल्ली मागितली.

"नाही," राजा म्हणाला. "माझ्या आजोबांना हे सोनं कालंजन मांत्रिकाने दिलं. त्याची अट एवढीच होती की हंडे जागचे हलवायचे नाहीत. आम्ही दारात उभं राहून लांब दांड्याच्या पळीने झाकण सारतो आणि सोनं काढतो. हंड्याला हात लागला की माणसाला झोप येते, आणि त्या झोपेतून जो उठला नाही तो सोन्याचा होतो. खाली चोर तसेच निजले आहेत. मला एकच मुलगी आहे."

"तात, आपलं व्रत कोणतं?"

राजाने कमरेची किल्ली मुठीत धरली.

"आपण या बुरुजावर एकटे का निजता?"

राजाने खिडकीबाहेर पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईने माझा आवाज कधी ऐकलेला नाही."

पद्मरेखेला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"माझ्या वडिलांनाही तो होता," राजा म्हणाला. "ते सैन्याबरोबर मुक्कामाला कधी गेले नाहीत. लोक त्यांना भित्रे म्हणाले, त्यांनी ते ऐकून घेतलं. तुला तो आहे हे मला वैद्यांकडून कळलं. मी तुझ्याजवळ येऊन एक शब्द बोलायला हवा होता. माझ्याच्याने झालं नाही."

पद्मरेखा बापाजवळ बसली. मग राजाने किल्ली काढून तिच्या हातात दिली.

पद्मरेखा आणि अरिंजय तळघरात उतरली. शेवटच्या पायरीवर कालंजन बसला होता. त्याचे डोळे उघडे होते, पापण्या नव्हत्या. सोन्याची राखण करणाऱ्याला निजायची परवानगी नसते, म्हणून त्या त्याने स्वतःच काढून टाकल्या होत्या. त्याच्या मागे हंड्यांच्या रांगा होत्या आणि रांगांमधून सोन्याची माणसं निजली होती, कुणी हंड्याला टेकून, कुणी हाताची उशी करून.

"राजकन्ये, मी तुझी वाट पाहत होतो," कालंजन म्हणाला. त्याचा आवाज गोड होता. त्याने हस्तिदंती डबी पुढे केली. "तुझ्या गळ्यातला आवाज मी या डबीत काढून घेतो. आजपासून तू मुकाट्याने निजशील. मैदानात नीज, सभेत नीज. कुणाला काही कळणार नाही. बदल्यात मागे फिर."

पद्मरेखेचा हात नकळत पुढे झाला. दमलेल्या माणसाला याहून मोठी लालूच कोणती? अरिंजय एक पायरी मागे सरला. निर्णय तिचा होता.

"जे कुणी हाक मारतं आहे, त्याचं काय होईल?" पद्मरेखेने विचारलं.

"ती गप्प होईल. कायमची."

पद्मरेखेने हात मागे घेतला. "मग नको. तिला गप्प करून आलेली झोप मला लागणार नाही."

"तर उचल, आणि या चोरांशेजारी नीज," कालंजन म्हणाला आणि पायरीवरून बाजूला झाला.

पद्मरेखेने पहिला हंडा उचलला. हाताला धातू लागताच झोप दंडांतून वर चढली, गोड आणि जड. तिचे गुडघे वाकले, डोळे मिटले. त्याच क्षणी आवाज उठला. तळघराच्या कमानींत तो असा घुमला की तिचे डोळे खाडकन उघडले. हंडा अजून तिच्या हातात होता. तिने तो भिंतीशी नेऊन ठेवला.

अरिंजयाने दुसरा हंडा धरला आणि उभ्या उभ्या त्याची मान कलंडली. त्याची बोटं पिवळी दिसू लागली. पद्मरेखेने पुढचा हंडा उचलला, तिला पेंग आली, आवाज उठला, आणि त्यासरशी अरिंजयही जागा झाला. त्याने बोटं चोळली. पिवळेपणा निघून गेला.

असं काम चाललं. ती उचली, पेंगे, तिच्या गळ्यातून हाक निघे, आणि दोघं जागी होत. तिथे आलेले चोर गपचूप निजणारे होते, म्हणून ते सोन्याचे झाले. पद्मरेखा गपचूप निजू शकत नव्हती. शेवटी शेवटी तिला आवाजाची लाज वाटेनाशी झाली. ती त्याची वाट पाहू लागली. मग हंडे सरले.

हंड्यांखाली एक शिळा होती. तिला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, सांधा दिसत नव्हता.

"ही मी आवाजाने बसवली आहे," कालंजन म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात गोडवा नव्हता. "आवाजानेच निघेल. पण वर उभं राहून घातलेली हाक तिला ऐकू जात नाही. तिच्यावर निजून दे."

पद्मरेखा शिळेवर कुशीवर आडवी झाली. तिने गुणगुणून पाहिलं, श्वास सोडून पाहिला. एवढ्या वेळा दचकून उठल्यावर झोप तिच्या जवळ येईना. जागेपणी तो आवाज काढून पाहिला, तो पोकळ निघाला. शिळा हलली नाही. कालंजन पापणी नसलेल्या डोळ्यांनी बघत राहिला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धृतसेन राजा भिंतीला धरून खाली येत होता आणि त्याच्या मागे दिवा घेऊन राणी सौदामिनी होती. राजाने मुलीकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं. त्याने मुकुट काढून पायरीवर ठेवला.

"सरक जरा, बाळ," तो म्हणाला.

तो म्हातारा झाला होता, बुरुजापासून तळघरापर्यंत चालून आला होता, आणि कितीतरी वर्षं धड निजला नव्हता. शिळेला पाठ लागताच त्याचे डोळे मिटले. मग त्याच्या छातीतून आवाज उठला. तोच लांबच लांब आवाज, वयाने खोल झालेला. पद्मरेखेने तो आपल्या कानांनी पहिल्यांदा पुरता ऐकला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिने शिळेला कान लावला, तर खालूनही तसाच आवाज येत होता. वरचा आणि खालचा, दोन्ही एकमेकांत मिसळले.

शिळा हलली. अरिंजयाने राजाला अलगद उचलून बाजूला घेतलं. शिळा कडेला सरकली आणि खालून पाणी वर आलं.

पाण्यातून डोंगराची जलदेवता बाहेर आली. तिचे केस शेवाळासारखे लांब होते आणि घसा बसलेला होता. ती म्हणाली, "माझ्या तोंडावर सोनं ठेवलं होतं. जिवंत पाण्यावर ठेवलेलं सोनं वाढतं, म्हणून. मी तुमच्या घराण्यात प्रत्येकाला हाक मारली. प्रत्येकाने दार लावून घेतलं."

"आम्हाला क्षमा असावी," पद्मरेखा म्हणाली.

"तू माझी हाक ऐकवलीस, या तुझ्या नवऱ्याने ती ऐकली. झालं ते झालं."

पाणी कालंजनाच्या पायांना लागलं. राखण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तो पायरीला टेकून बसला, हाताच्या ओंजळीने त्याने डोळे झाकले, आणि निजला. तो निजताच त्याची माती झाली, कारण त्याचं आयुष्य फार पूर्वीच सरलं होतं. सोन्याची माणसं एकेक करून जागी झाली, डोळे चोळू लागली, आणि घरी जायची वाट कुठे म्हणून विचारू लागली. राणी सौदामिनीने त्यांना आधी पेज दिली, मग वाट दाखवली.

डोंगरातून झरा वाहू लागला. विहिरींना पाणी लागलं. हंडे उपसले की रिकामे राहू लागले, तसं सोनं पाटांना आणि तळ्यांना खर्च झालं. रेडे पखाली सोडून शेतात गेले. पद्मरेखा गादीवर बसली.

तिच्या गळ्यातली हाक गेली. गळ्याची सवय तेवढी राहिली. कधी फार दमली, कधी मनात काही घोळत असलं, की निजताना बारीकसा आवाज येई. नवी दासी आली की ती तिला आधीच सांगे, "मला निजताना आवाज होतो. दुखत नाही, घाबरू नकोस, उठवू नकोस." मग कुशीवर वळून निजे. नौबत झडो न झडो, तिला त्याची खबर नसे.

आणि धृतसेन राजाने बुरुज सोडला. शिळा हलली त्या दिवशी संध्याकाळी तो काखेत उशी घेऊन राणीच्या महालाच्या दारात उभा राहिला. आत यावं की नाही ते त्याला कळेना. राणीने अंथरूण घालताना मान वर न करता विचारलं, "भिंतीकडची बाजू की दाराकडची?"

सकाळी पद्मरेखेने आईला विचारलं, "झोप लागली का?"

"मधे मधे जाग येत होती," राणी म्हणाली. "जाग आली की त्यांचा आवाज ऐकू येई. मग मी पुन्हा निजे."

निजेची गोष्ट इथवर. ऐकणाऱ्याला स्वस्थ झोप लागो, आणि त्याच्या शेजारी निजणाऱ्यालाही लागो.